एडनला राहिलेला माणूस

स्पर्धा परीक्षेचं कुठलंही पुस्तक उघडा. आद्य क्रांतिकारक कोण? वासुदेव बळवंत फडके. जन्म ४ नोव्हेंबर १८४५, शिरढोण. मृत्यू १७ फेब्रुवारी १८८३, एडन. एक मार्क पक्का. चला, पुढचा प्रश्न.

पण जरा थांबा. शिरढोण पनवेलजवळ आहे, मुंबई-गोवा रस्त्यावर. एडन कुठे आहे? आजच्या येमेन देशात, अरबस्तानाच्या दक्षिण टोकाला. मुंबईपासून समुद्राने साधारण तीन हजार किलोमीटर. पनवेलकडच्या माणसाने वयाच्या सदतिसाव्या वर्षी तिथे का मरावं? त्याच्या उशाशी घरचं एकही माणूस का नसावं? पुस्तकातल्या त्या एका ओळीत हे काही येत नाही. आणि फडक्यांची खरी गोष्ट तर या दोन गावांच्या मधेच आहे.

रजेचा अर्ज

गोष्ट सुरू होते ती अगदी तुमच्या-आमच्या घरातल्यासारखी. मुलगा शिकला, इंग्रजी आलं, सरकारी नोकरी लागली. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, पण १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि घराण्याचा तो काळ संपला. नातवाने मुंबईत एक-दोन ठिकाणी नोकऱ्या केल्या आणि मग तो लष्कराच्या हिशेब खात्यात चिकटला. बदली होऊन पुण्यात आला. महिन्याच्या महिन्याला पगार, डोक्यावर पगडी, समोर जमाखर्चाच्या वह्या. आजच्या भाषेत सांगायचं तर सेटल झालेला मुलगा.

१८७० मध्ये आई आजारी असल्याचा निरोप आला. वासुदेवरावांनी रजा मागितली. साहेबांच्या कचेरीत अर्ज अडकला. ते कंटाळून तसेच निघाले, पण घरी पोचेपर्यंत आई गेली होती. पुढच्या वर्षी तिच्या श्राद्धाला जायचं म्हणून पुन्हा रजा मागितली. तीही मिळाली नाही.

एका रजेसाठी कोणी बंड करत नाही, हे खरं. त्यानंतरही त्यांनी बरीच वर्षं तीच नोकरी केली. पण आपला वेळ, आपलं दुःख, आपल्या आईचा शेवटचा दिवससुद्धा आपल्या हातात नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात तेव्हा कायमची बसली. गुलामी या शब्दाचा अर्थ त्यांना भाषणातून कळण्याआधी रजेच्या अर्जातून कळला होता.

भाषणंही ते ऐकत होतेच. पुण्यात तेव्हा न्यायमूर्ती रानडे देशाच्या संपत्तीचा निचरा कसा होतो हे समजावून सांगत होते. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, स्वतः सूत कातून खादी वापरत होते. फडक्यांनीही स्वदेशीचं व्रत घेतलं. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर या मित्रांबरोबर शाळा काढली. पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन हे तिचं नाव. हीच संस्था आज महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली जाते. पेरुगेटचं भावे स्कूल तिचं आणि कर्वे रोडचं गरवारे कॉलेजही तिचंच. म्हणजे गरवारेच्या कट्ट्यावर बसणाऱ्यांनो, तुमच्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एकाला जन्मठेप झाली होती.

आणि तालीम. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांचा आखाडा होता. दांडपट्टा, तलवार, निशाणेबाजी, घोडदौड, सगळं तिथे शिकवलं जाई. वस्ताद मांग समाजातले, आणि तालमीत सगळ्या जातींची पोरं. पगडी घालून कचेरीत जाणारा हा कारकून तिथे लाल मातीत घाम गाळायचा. पत्नी गोपिकाबाईंनाही त्यांनी घोड्यावर बसायला आणि हत्यार चालवायला शिकवलं. १८७० च्या दशकातल्या पुण्यात ही गोष्ट साधी नव्हती.

राहू बेटाच्या आसपास

आता आपल्या भागात येऊ. दौंड तालुक्यात भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधल्या पट्ट्याला आपण राहू बेट म्हणतो. आज तिथे नजर जाईल तिथवर ऊस दिसतो, गुऱ्हाळांचा धूर दिसतो. दीडशे वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख पावसाच्या तोंडाकडे बघत जगणारा होता.

१८७४ मध्ये भीमेपलीकडे शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकाराशी व्यवहार तोडले. त्याचं पाणी भरायचं नाही, त्याची हजामत करायची नाही, त्याच्या शेतात राबायचं नाही. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची खाती आणि गहाणखतं ओढून काढून जाळली. पुस्तकात ज्याला दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. बारामतीकडे जाताना लागतं ते सुपे.

त्यावर १८७६ चा दुष्काळ आला. पाऊस गेला, जनावरं गेली, मग माणसं जाऊ लागली. सारावसुली मात्र थांबली नाही. फडके गावोगाव हिंडले आणि डोळ्यांनी सगळं पाहून परत आले. कचेरीतल्या वहीत लष्कराचा खर्च लिहायचा आणि त्या खर्चाचा पैसा ज्याच्याकडून येतो तो शेतकरी उपाशी मरताना बघायचा. या दोन गोष्टी एका माणसात फार दिवस राहू शकल्या नाहीत.

त्यांनी आधी शिकलेल्या लोकांना गळ घातली. कोणी पुढे आलं नाही. मग ते रामोश्यांकडे गेले. रामोशी समाजाकडे गावाच्या, किल्ल्याच्या राखणीचं काम होतं. इंग्रजी राज्यात ते गेलं होतं. डोंगराची वाट न वाट त्यांना ठाऊक, हत्यार हातातलं, आणि गमवायला फारसं काही उरलेलं नाही. कोळी, धनगर, मांगही येऊन मिळाले.

२० फेब्रुवारी १८७९ रोजी फडके मोजक्या साथीदारांसह पुण्याबाहेर लोणीजवळ जमले आणि तिथून बंडाला निघाले. पत्नीला माहेरी पाठवून झालं होतं. त्याच आठवड्यात पहिला घाव पडला तो शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर. पाबळच्या बाजूचं हे गाव. सरकारी वसुलीची रक्कम ज्या घरात ठेवली होती, ते घर त्यांनी लुटलं. हाती किती लागलं? सुमारे चारशे रुपये.

चारशे रुपयांत साम्राज्य उलथत नाही, हे हिशेब खात्यातल्या माणसाला आपण सांगायची गरज नाही. पण त्यांचा बेत मोठा होता. लहान लहान टोळ्या एकाच वेळी सगळीकडे पाठवायच्या, टपाल अडवायचं, तारा तोडायच्या, रेल्वे बंद पाडायची. एका ठिकाणची बातमी दुसरीकडे गेलीच नाही की लोकांना वाटेल सगळीकडेच बंड पेटलंय, आणि मग ते खरंच पेटेल. इंग्रजांची ताकद तोफेपेक्षा तारायंत्रात जास्त आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. शिवरायांच्या गनिमी काव्याला त्यांनी आगगाडीच्या काळात आणून ठेवलं.

धामारीनंतर वाल्हे आणि आजूबाजूची इतर गावं झाली. मे महिन्यात त्यांनी सरकारला जाहीरनामा धाडला. रयतेला काम द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार उतरवा, नाहीतर परिणाम भोगा. सरकारने त्यांना पकडण्यासाठी इनाम लावलं. त्यांनी उलट मुंबईच्या गव्हर्नरच्या डोक्यावर इनाम लावलं. कालपर्यंत रजेसाठी अर्ज करणारा कारकून आता लाटसाहेबाची किंमत ठरवत होता.

त्याच मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. ती आग फडक्यांनी लावलेली नव्हती, पण सरकार इतकं बिथरलं होतं की संशय कुठवर जावा? न्यायमूर्ती रानड्यांची नाशिकहून धुळ्याला बदली झाली.

दौलतराव नाईकांचं काय?

या बंडाचा कणा होता दौलतराव नाईक. रामोश्यांचा म्होरक्या आणि फडक्यांचा उजवा हात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दौलतरावांच्या तुकडीने पनवेलजवळ पळस्पे आणि चिखली इथे मोठी लूट केली. ती घेऊन ते घाटमाथ्याकडे निघाले असताना मेजर डॅनियलच्या फौजेने त्यांना गाठलं. दौलतराव गोळी लागून पडले. लूट गेली आणि बंडाचं कंबरडं मोडलं.

फडक्यांच्या नावाने चौक आहेत, टपाल तिकीट निघालं, सिनेमा निघाला. दौलतराव नाईकांचं नाव किती जणांनी ऐकलंय? लढताना जीव आधी त्यांचा गेला. पुढे फडक्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की सोबतच्या माणसांना स्वराज्यापेक्षा लुटीतल्या वाट्याची ओढ जास्त होती, आणि त्याने ते खचले. त्यांची निराशा समजण्यासारखी आहे. पण दुसरी बाजूही बघायला हवी. फडक्यांनी पगाराची नोकरी सोडली होती. रामोश्यांकडे सोडायला पगारच नव्हता. दुष्काळात घरी पोरंबाळं उपाशी असलेल्या माणसाने वाटा मागितला, तर तो देशभक्त नाही असं कसं म्हणायचं? या बंडाची सगळ्यात अवघड गोष्ट हीच होती, आणि आजही कुठलीही चळवळ करायला निघालेल्या शिकलेल्या पोरांसमोर हा प्रश्न उभा राहतोच.

दौलतराव गेल्यावर फडके दक्षिणेकडे श्रीशैलाला गेले. मल्लिकार्जुनासमोर देह ठेवावा इथपर्यंत मन गेलं होतं. तिथे त्यांनी आपली हकीकत लिहायला घेतली. मग पुन्हा उचल खाल्ली. हैदराबादच्या भागात रोहिल्यांची फौज उभी करायची खटपट सुरू केली. पण डॅनियल आणि निजामाचे पोलीस मागावर होतेच. जुलै १८७९ मध्ये पंढरपूरकडे निघालेले फडके तापाने फणफणून एका देवळात झोपले होते. गाव देवर नावडगी, आज कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्यात. झोपेतच त्यांना धरलं.

पिंपळावर टांगलेला देह

इथे थोडं मागे जाऊ. कारण सरकार पुढे फडक्यांशी जसं वागलं, त्याच्या अगदी उलट ते आधी एकाशी वागलं होतं.

पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचे उमाजी नाईक. जन्म १७९१. रामोश्यांना घेऊन त्यांनी इंग्रजांना वर्षानुवर्षं पळवलं. डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळ उत्रोळीला ते पकडले गेले, तेही फितुरीने. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात मामलेदार कचेरीत त्यांना फाशी दिलं. एवढ्यावर सरकारचं समाधान झालं नाही. त्यांचा देह तीन दिवस पिंपळाच्या झाडाला टांगून ठेवला. लोकांनी यावं, बघावं आणि घाबरावं म्हणून. आपल्या माणसाला अग्नी किंवा माती द्यायची, हा साधा हक्कही घरच्यांकडून काढून घेतला.

लोक घाबरले का? सत्तेचाळीस वर्षांनी पुन्हा रामोशीच फडक्यांमागे उभे राहिले, यातच उत्तर आलं. टांगलेला देह सरकारला हवं होतं ते शिकवत नाही. तो बघणारा माणूस घरी जातो आणि पोरांना सांगतो. ती पोरं त्यांच्या पोरांना सांगतात.

१८७९ मध्ये सरकारपुढे फडके उभे होते तेव्हा काळ बदलला होता. वर्तमानपत्रं होती, वकील होते, कोर्टाबाहेर गर्दी होती. फडक्यांना पुण्यात संगम पुलाजवळच्या सेशन्स कोर्टाच्या आवारात ठेवलं. खटल्यात त्यांच्या बाजूने सार्वजनिक काका आणि महादेव चिमणाजी आपटे उभे राहिले. सरकारकडे सगळ्यात मोठा पुरावा कोणता होता? फडक्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली हकीकत. तिनेच त्यांना शिक्षा झाली. आणि गंमत बघा, सरकारने पुरावा म्हणून ती जपली म्हणूनच आज फडके काय विचार करत होते हे आपल्याला कळतं.

नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. त्याच महिन्यात त्यांना चौतीस वर्षं पूर्ण झाली होती. फाशी नाही, म्हणजे झाड नाही, गर्दी नाही, हुतात्मा नाही. अंदमानही नाही. त्यांना पाठवलं एडनला.

दार उखडलं, पण पुढे?

एडन तेव्हा परदेश नव्हता, निदान कागदावर तरी. १८३९ मध्ये इंग्रजांनी ते घेतलं आणि मुंबई इलाख्याला जोडलं. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर विलायतेला जाणाऱ्या बोटी तिथे कोळसा भरायला थांबत. विझलेल्या ज्वालामुखीचे काळे उघडे डोंगर, पाऊस जवळजवळ नाही, पिण्याच्या पाण्याची मारामार, आणि बारा महिने अंग भाजणारा उन्हाळा. सह्याद्रीच्या पावसात वाढलेल्या माणसाला यापेक्षा उलटी जागा शोधून सापडली नसती.

जानेवारी १८८० मध्ये ते तिथे पोचले. बेड्या, एकांत कोठडी, सक्तमजुरी. आणि एक दिवस या कैद्याने कोठडीचं दार बिजागऱ्यांवरून उखडून काढलं आणि तो बाहेर पडला! लहुजी वस्तादांच्या आखाड्यातलं बळ अजून अंगात होतं.

पण बाहेर पडून जाणार कुठे? गनिमी कावा म्हणजे नुसतं धाडस नव्हे. पायाखालची वाट ओळखीची हवी, भाकरी देणारं घर हवं, पोलीस आले की इशारा करणारा गुराखी हवा. शिरूर-पुरंदरच्या डोंगरात हे सगळं होतं, म्हणून मूठभर माणसांनी इंग्रजी फौजेला महिनोन् महिने झुलवलं. एडनला वाळू होती, समुद्र होता आणि अनोळखी भाषा होती. ते पुन्हा पकडले गेले. सरकारने कैदी कुठे ठेवायचा याचा विचार किती नीट केला होता, हे त्या दिवशी कळलं. तुरुंगाच्या भिंतीपेक्षा तुरुंगाबाहेरचा अनोळखी मुलूख जास्त भक्कम होता.

त्यानंतर शरीर खंगत गेलं. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वासुदेव बळवंत फडके एडनच्या कैदेत वारले. देह शिरढोणला आला नाही. गोपिकाबाईंना शेवटचं दर्शन मिळालं नाही. आईच्या मरणाला पोचू न शकलेल्या मुलाच्या मरणालाही घरचं कोणी पोचू शकलं नाही. पहिल्या वेळी रजेचा अर्ज आडवा आला होता, दुसऱ्या वेळी अख्खा अरबी समुद्र.

उमाजींचा देह सरकारने सगळ्यांना दाखवला. फडक्यांचा कोणालाच दिसू दिला नाही. एकावन्न वर्षांचं अंतर, दोन्ही फेब्रुवारी महिनेच, आणि दोन्हीमागे भीती एकच. जिवंतपणी या माणसांची जितकी धास्ती होती, तितकीच मेल्यावर लोक त्यांच्याभोवती जमतील याची होती. समाधी झाली की जत्रा भरते, जत्रा भरली की गोष्ट सांगितली जाते, आणि गोष्ट सांगितली गेली की कोणीतरी पोरगा ती मनावर घेतो.

म्हणून जो माणूस एडनला राहिला, त्याला परत आणायचं काम गोष्टीलाच करावं लागलं. आणि तिने ते केलं. १९८४ मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. मुंबईत मेट्रो सिनेमाजवळच्या चौकाला त्यांचं नाव आहे. शिरढोणला स्मारक आहे. २००७ मध्ये गजेंद्र अहिरे यांनी त्यांच्यावर चित्रपट केला.

बंडाने काय साधलं, असं विचाराल तर हिशेब सरळ नाही. ते काही महिन्यांत मोडलं. पण त्याच १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जमुक्तीच्या बाजूचा कायदा करावा लागला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यामागे सुप्याचे दंगे होते, दुष्काळ होता. एकट्या फडक्यांचं ते श्रेय नाही. पण करडे, सुपे, धामारी ही गावं नकाशावर जोडून बघा. सगळी आपल्या एसटीच्या टप्प्यातली आहेत. दुखणं एकच होतं. कोणी सावकाराचं पाणी तोडलं, कोणी खाती जाळली, कोणी हत्यार उचललं.

संगमवाडीला जाऊन या

शेवटी एक तारीख लक्षात ठेवा, परीक्षेसाठी नाही. लहुजी वस्ताद साळवे पुण्यात वारले ती तारीख १७ फेब्रुवारी १८८१. तेव्हा त्यांचा शिष्य एडनच्या कोठडीत होता. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, शिष्यही गेला. वस्तादांची समाधी संगमवाडीत आहे. तिथून जवळच, संगम पुलापाशी, फडक्यांना ठेवलं होतं ती जागा आहे. आता ते सीआयडीच्या कार्यालयाचं आवार आहे आणि तिथे फडक्यांचं स्मारक आहे. खडकमाळ आळीत जुन्या मामलेदार कचेरीत उमाजी नाईकांची आठवण जपलेली आहे. तिन्ही ठिकाणं एका दुपारी बघून होतात.

संगमावर मुळा आणि मुठा एक होतात आणि तेच पाणी पुढे राहू बेटाच्या कडेने वाहत जाऊन भीमेला मिळतं. भीमा पुढे पंढरपूरवरून विजयपूर जिल्ह्याकडे जाते, जिथे फडके पकडले गेले. त्यांच्या बंडाचा बराचसा मुलूख असा या एका पाण्याच्या आसपासचा आहे. फक्त शेवट तेवढा दूर, खाऱ्या पाण्यापलीकडे झाला. १७ फेब्रुवारीला वस्तादांच्या समाधीवर फूल ठेवायला गेलात, तर शिष्याच्या नावाने आणखी एक ठेवा. आणि एक दौलतराव नाईकांच्या नावाने.